शांताचं वजन

दिवाळी सरली, की कोल्हापूरभोवतीची गुऱ्हाळं पेटतात. आता गावात त्यांचा वास पोचत नाही. मंगळवार पेठेत माझ्या खिडकीखाली दिवसभर दुचाक्यांचा कालवा असतो, आणि कागलच्या बाजूला जिथं उसातनं वाट जायची, तिथं कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत. पण भाचा दरवर्षी पहिल्या गुळाचा रवा, अख्खी ढेप, न चुकता आणून देतो. वरचं फडकं सोडलं, की ओलसर, किंचित खारट वास खोलीभर होतो, आणि मग मी दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. भाच्याला वाटतं, आत्याचे गुडघे दुखायला लागले. मी त्याला तसंच वाटू देते.

संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी एकवीस वर्षांची होते. गणित आणि स्टॅटिस्टिक्स घेऊन बी. ए. झालेली, जाधवांच्या घरातली पहिली पदवीधर, आणि नगरपालिकेच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गावर नव्यानं लागलेली बाई. स्टॅटिस्टिक्स हा शब्द वडलांच्या जिभेवर बसत नसे. ते अभिमानानं लोकांना सांगत, "आमची कुसुम सरासऱ्या शिकलीया."

ते काही खोटं नव्हतं. सरासरी मला आवडायची. कॉलेजात मोडक सर शिकवायचे. उंच, वाकलेले, कोटाच्या बाहीवर कायम खडूची पूड. ते म्हणायचे, "सबंध जिल्ह्यातली मुलं काट्यावर उभी करता येत नाहीत. थोडी घ्यावी लागतात. पण डोळ्यांना भरतील ती घ्यायची नाहीत, हाताशी असतील ती घ्यायची नाहीत. चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीला मामा-मावशी नसते." मग त्या थोड्यांची सरासरी काढायची, आणि ती सरासरी खऱ्या सरासरीपासून किती चुकलेली असू शकेल, तेही शेजारी लिहायचं. हे शेजारचं लिहिणं मला सगळ्यात आवडे. आमच्या घरात, गल्लीत, सबंध पेठेत मी कुणाला कधी म्हणताना ऐकलं नव्हतं, की माझं म्हणणं इतकं इतकं चुकलेलं असू शकेल.

त्या वर्षी शाळेत दुधाच्या पावडरीची पिंपं आली. परदेशातनं आलेली, पुठ्ठ्याची, आत पिवळसर पूड. कोल्हापुरात पावडरीचं दूध, याचं लोकांना हसू यायचं. गंगावेशीला संध्याकाळी म्हशी उभ्या असत, समोर धार काढून फेसाळतं दूध तांब्यात मिळे, तालमीतले पैलवान ते उभ्या उभ्या संपवत. पण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते दूध फक्त पैलवानाच्या मिशीवर पाहिलेलं होतं.

पिंपं पाठवणाऱ्या समितीनं एक अट घातली होती. या दुधानं मुलांच्या अंगी खरंच काही लागतं का, ते आधी दाखवून द्या. लागत असेल तर पुढल्या वर्षी गावातल्या सगळ्या शाळांना देऊ. हे दाखवायचं काम मोडक सरांकडं आलं. त्यांनी आमची शाळा निवडली, कारण तिथं मी होते.

दुसरी आणि तिसरीची मिळून ऐंशी मुलं. चाळिसांना दूध, चाळिसांना नाही. तीनदा वजन करायचं, दिवाळीनंतर, संक्रांतीला आणि शिमग्याच्या सुमाराला. सर शाळेत आले, चिठ्ठ्यांच्या जागी वापरायचं, कसलाही क्रम नसलेल्या आकड्यांनी भरलेलं एक जाड पुस्तक उघडलं, आणि मुलांच्या समोर एकेक आकडा वाचू लागले. त्या क्रमांकाच्या मुलाचं नाव मी वहीत लिहायचं. ज्याचं नाव निघे ते मूल उठून उभं राही, आणि सगळे टाळ्या वाजवत. ती यादी एकच होती, माझ्या हातची. सरांनी तिची नक्कल ठेवली नाही. जाताना म्हणाले, "मिस जाधव, वजनं होईपर्यंत कुलपात ठेवा. आणि एक लक्षात असू द्या. दुधानं काहीच फरक पडत नाही, असं धरून आपण सुरुवात करायची. आकड्यांनी आपल्याला तिथून ढकलून बाहेर काढलं, तरच बाहेर पडायचं."

समोर ऐंशी मुलं बसलेली. कुणाच्या सदऱ्यातनं बरगड्या मोजाव्यात, कुणाच्या ओठांच्या कडा फाटलेल्या. त्यांच्याकडं बघत 'दुधानं काहीच फरक पडत नाही' असं मनात धरायचं. परीक्षेत हेच वाक्य मी दहा वेळा लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

दुसऱ्या दिवशी चंपाची आई आली. आक्काताई तिचं नाव. शाहूपुरीत गुळाच्या सौद्यात, जिथं गुळाचे लिलाव होत, ती तरटं शिवायची, तिच्या लुगड्याला, केसांना, हातांना गुळाचाच वास. चंपाचं नाव निघालं नव्हतं. चंपा वर्गात सगळ्यात हडकुळी, मान म्हणजे नुसता देठ. आठवड्यापूर्वीच प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली होती.

"बाई, माझ्या पोरीचं नाव घाला की त्यात."

मी तिला चिठ्ठीचं समजावून सांगितलं. सगळ्यांना सारखी संधी होती, कुणी कुणाला निवडलेलं नाही, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"व्हय, पर त्या चिट्टीला पोट हाय का?" ती म्हणाली. "तुमाला हाय. तुमी बघा."

ती गेली, आणि मी वहीसमोर बसून राहिले. वजनं सोमवारी व्हायची होती. गावाबाहेर गुऱ्हाळं लागली होती, आणि वारा फिरला की वर्गात उकळत्या रसाचा वास यायचा. मुलं लिहिता लिहिता थांबून नाक वर करायची. मी यादी वाचत होते. चंपाला घालायचं तर कुणाला तरी काढायला हवं. मी वर्गावरनं डोळे फिरवले. तिसऱ्या ओळीत शांता बसली होती, टांगेवाल्याची मुलगी. गोल चेहरा, गुबगुबीत गाल, पाय भरलेले. कमी बोलणारी, सांगितलेलं ऐकणारी. या मुलीला दुधाची काय गरज, असं मला वाटलं. मी शांताच्या नावावर रेघ मारली आणि वर चंपा लिहिलं. मग ते पान खराब दिसतं म्हणून सबंध यादी नव्यानं उतरून काढली. दुसऱ्या दिवशी शांताला जवळ बोलावून चार शब्दांत समजावलं, ती हसत जागेवर गेली. एकच नाव, ऐंशीत एक. सरासरीला त्याचा पत्ताही लागणार नाही, हे मला आकड्यांनिशी माहीत होतं.

सोमवारी काटा आला. सौद्यातल्या एका अडत्यानं गुळाचे रवे तोलायचा काटा चार तासांसाठी दिला होता. मुलं एकेक करून त्याच्या चिकट फळीवर चढत, खाली उतरत आणि पायाची बोटं चाटायला बघत. पोवार गुरुजी, आमचे हेडमास्तर, स्वतः वजनं घालत होते. शेर-छटाकात ते आकडा ओरडायचे, मी लिहायची.

पुढचे तीन महिने मी सुखी होते, हे मला कबूल करायला हवं. रोज सकाळी अकराला हौदाजवळ चूल पेटे, पावडर कालवली जाई, आणि चाळीस मुलं आपापली फुलपात्रं घेऊन रांगेत उभी राहत. दुधाला पुठ्ठ्याचा वास असे, गुठळ्या राहत, तरी ती शेवटचा थेंब बोटानं पुसून घेत. बाकीच्या चाळिसांना मैदानात सोडायचं ठरलं होतं. ती मैदानात जात, आणि थोड्या वेळानं कुंपणाच्या भिंतीशी येऊन उभी राहत. त्यांच्यात शांता असायची. कुणीतरी दिलेलं उसाचं पेर चोखत ती शांतपणे बघत असे, आणि मी तिच्याकडं बघून हसायची. तीही हसायची.

चंपा मात्र डोळ्यांसमोर बदलत गेली. गालावर रंग आला, पाढे मोठ्यानं म्हणायला लागली. एकदा तर तिनं शेजारच्या मुलाला पाटीनं मारलं, तेव्हा गुरुजी खुश होऊन म्हणाले, "बघा बाई, अंगात जीव आला की पयल्यांदा पोर भांडतंय."

संक्रांतीला दुसरं वजन झालं. शांता काट्यावर चढली. मागल्या वेळेपेक्षा तिचं वजन वाढलं होतं, तेही वर्गात सगळ्यांत जास्त. दूध पिणाऱ्या चाळिसांतही तेवढं कुणाचं वाढलं नव्हतं. मी गुरुजींना आकडा दाखवला. "बिनदुधाची पोर बघा," ते म्हणाले. "घोड्यासारखी वाढत्या." मला किती हलकं वाटलं, ते आज सांगता येत नाही. आपण निवडलं ते बरोबर होतं, असं खुद्द काटाच सांगत होता. मी तिला तिळगुळाची वडी दिली. वडी घेताना तिची बोटं मला फुगीर आणि गार लागली. थंडीचे दिवस होते.

नंतर ती शाळेत येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तालमीमागच्या चाळीत एक खोली, दाराशी घोड्याच्या तोंडाला बांधायचा दाण्याचा तोबरा टांगलेला. खोलीला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, "दवाखान्यात हाय की. चार दिस झालं."

दवाखान्यातल्या खाटेवर मी शांताला ओळखलं नाही. डोळे मिटत आलेले, चेहरा इतका भरलेला की नाक आत गेल्यासारखं वाटावं. तिची आई पायाशी बसून होती. डॉक्टर तरुण होते आणि थकलेले. त्यांनी मला बाजूला नेऊन विचारलं, "शाळेच्या बाई ना? काय जेवते ही पोर, काही माहीत आहे का?"

"चांगली होती हो," मी म्हणाले. "वजनही वाढत होतं. मी स्वतः लिहिलंय."

त्यांनी पांघरूण सारलं, शांताच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. मी बघत राहिले. तो भरून येईना.

"सूज आहे ही," ते म्हणाले. "पाणी. आत मांस काहीच नाही. कैक महिने भाकरी आणि आमटीच्या पाण्यावर काढलेले दिसतात. दूध, डाळी, काहीतरी हवं होतं हिला. वजन वाढलं म्हणता ते याचंच."

मी रोज जात राहिले. दुधाचा तांब्या नेत होते, गंगावेशीचं, चांगलं. तिला ते पोटात ठरत नव्हतं. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तांब्या घेऊन पोचले, तेव्हा खाट मोकळी होती आणि एक बाई फरशी पुसत होती.

मार्चमध्ये शेवटचं वजन झालं. गुऱ्हाळं विझत आली होती, वाऱ्यावर आता जळक्या चिपाडाचा वास होता. वहीत शांताच्या ओळीत तिसरा रकाना रिकामा राहिला. मी कागद घेऊन मोडक सरांच्या घरी गेले. मुलगी वारल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे. रेघ मारा त्या ओळीवर. तिला यातून वगळावं लागेल."

मी रेघ मारली. त्या नावावर दुसऱ्यांदा.

चार दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर कागदच कागद होते. दूध प्यालेली मुलं जास्त वाढली होती, चांगलीच वाढली होती. मला वाटलं ते खुश असतील. पण ते खिडकीबाहेर बघत होते.

"मिस जाधव, मी आज पहिल्यांदा दिवाळीनंतरची वजनं नीट पाहिली. दुधाचा एक थेंबही पोटात जायच्या आधीची. दूध मिळणारी मुलं सरासरीनं बरीच हलकी आहेत. का?"

"चिठ्ठीत तसं आलं असेल, सर."

"मीही तेच धरून चाललो. कुणी हात लावलेला नाही, चिठ्ठीनं जशी वाटली तशीच मुलं आहेत, असं धरलं. मग गणित केलं. अशी वाटणी हजार वेळा केली तर एखाद्या वेळी एवढं अंतर पडेल. म्हणजे एक तर आपण ती हजारातली एक वेळ पाहिली, नाही तर माझं धरलेलं चुकीचं आहे."

ते माझ्याकडं वळले. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. मी रडत सगळं सांगितलं. चंपा, आक्काताई, शांता. त्यांनी ती दोन नावं खोडून पुन्हा बेरजा केल्या, मला समोर बसवून. अंतर जरासं हललं, बाकी तिथंच राहिलं.

"एकानं एवढं होत नाही," ते म्हणाले. "आणखी कुणीतरी आहे."

मी माझं सांगून विचारलं, तेव्हा पोवार गुरुजींनीही लपवलं नाही. शाळेच्या कपाटाला पाठ लावून ते उभे राहिले. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडंच असे. "व्हय, मी बदलली. नऊ नावं, समदी तिसरीतली, तुमच्या वळखीची न्हवती ती. तुमच्याच अक्षरासारखं गिरवून लिवलं." मग एकदम मोठ्यानं, सगळ्या व्हरांड्यात ऐकू जाईल असं म्हणाले, "मग काय करायचं, बाई? पोरं माझ्या डोळ्यांम्होरं चक्कर येऊन पडत्यात, आणि मी पुस्तकातला आकडा बघत बसू? मला जमलं न्हाय. तुम्हांला तरी कुठं जमलं?"

आम्ही दोघं सरांकडं गेलो. गुरुजी त्या घरी खुर्चीवर बसले नाहीत, पागोटं हातात धरून उभेच राहिले. "साहेब, दुधानं पोरं सुधारली, हे मी सोता बघितलंय. तेवढं लिवा की. खोटं थोडंच हाय?"

"खोटं नसेलही," सर म्हणाले. "पण तुम्ही सगळी हडकुळी मुलं एका बाजूला घातलीत. ती वाढली ती दुधानं, की मुळात मागं पडलेली होती आणि सुगीच्या दिवसांत घरी चार घास बरे मिळाले म्हणून? मला वेगळं करून सांगता येत नाही. आता कुणालाच येणार नाही."

"मग आमी काय करू?"

सरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते फार म्हातारे दिसले. "मी दोन रात्री याचाच विचार करतोय, गुरुजी. पहिली वजनं मी पाठवलीच नाहीत, तर समितीत कुणाला कळणार नाही. दूध येईल. पण उद्या असंच दुसरं कुणीतरी, दुसऱ्या कशाबद्दल तरी लिहील, औषधाबद्दल लिहील, आणि मी त्यावर विश्वास ठेवीन. मला ते करता येत नाही." आणि मग, अगदी हळू, "करता आलं असतं तर बरं झालं असतं."

त्यांनी एका वाक्याचा निष्कर्ष पाठवला, की या प्रयोगावरून दुधाबद्दल काहीही म्हणता येत नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पिंपं आली नाहीत. नंतरही आली नाहीत. बाकीची एकोणऐंशी मुलं तिसरी-चौथीत गेली. चंपा वर्षभर टिकली, मग पुन्हा गळाली, पण शिकली. पुढं तिच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली तेव्हा पाया पडून म्हणाली, "बाई, तुमी त्या वर्साला माझं नाव घातलंसा म्हणून मी जगले." मी तिला खण दिला, आशीर्वाद दिला. ती म्हणते ते खरं की नाही, मला माहीत नाही. ते तपासायचं तर दुसरी एक चंपा हवी, हुबेहूब तीच, जिला दूध मिळालेलं नाही. शांताचंही तसंच. मी सरांना एकदा विचारलं होतं, तिला दूध मिळालं असतं तर ती वाचली असती का? ते म्हणाले, "तशा चारशे मुली असत्या, तर किती वाचतील ते सांगता आलं असतं." मी म्हणाले, "एकच होती, सर."

पुढं मी पस्तीस वर्षं शिकवलं. मुलांना निवडायची वेळ आली, नाटकाला, खेळाला, कशालाही, की मी दुसऱ्या बाईंना सांगायची. सगळ्यांना वाटायचं, जाधवबाई निःपक्षपाती आहेत.

त्याच वर्षी, जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात, मी शांताच्या घरी गेले होते. सगळं सांगून टाकायचं, मग ती माउली काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, असं मनाशी घोकत गेले. तिनं मला सतरंजी घातली, स्टोव्ह पेटवला. टांगा बाहेर गेला होता. मी तोंड उघडणार, तोवर तीच बोलायला लागली.

"लई आवडायचा बाई तिला तुमचा वर्ग. दुधात नाव निघालं त्या दिवशी घरात येऊन नाचलीती. आन् दोन दिसांनी आली ती त्याच्याहून खुशीत. मी म्हटलं, का गं, दूध गावलं का? म्हणाली, न्हाय, बाईंनी माझं नाव काढलं. बाई म्हणाल्या, तू वर्गात सगळ्यांत सुदृढ हाईस, तुला दूध लागत न्हाय." तिनं कप माझ्यासमोर ठेवला. "सुदृढ म्हंजे काय, ते आमाला ठावं नव्हतं. तिनंच समजावून सांगितलं. ह्यांना सांगितलं, शेजारी जाऊन सांगून आली. जाईपर्यंत म्हणत होती, बाईंनी सांगितलंय, मला काय होत न्हाय."

मी चहा प्याले. कप विसळून पालथा घातला. तिनं माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि दारापर्यंत पोचवायला आली.